आधी चिठ्ठी काढा

माझ्या मावशीला सगळे टाचणीमावशी म्हणतात. तिचं खरं नाव माझ्या आईला आणि लाइटबिलाला माहीत आहे, बाकी कुणाला त्याची गरज पडलेली नाही. काम करताना तिच्या ओठांत कायम तीन-चार टाचण्या असतात, आणि त्या तशाच धरून ती "हं", "उंहूं" आणि "वळा जरा" एवढं बोलू शकते. तिच्या मते धंद्यातलं निम्मं कसब यातच आहे. तोंडात टाचण्या असल्या की टेलर बोलत नाही, आणि टेलर बोलत नाही म्हटल्यावर आरशासमोर हात पसरून उभं राहिलेलं गिऱ्हाईक आपणहून बोलायला लागतं. तीस वर्षांत तिने किती जणींची भांडणं, दुखणी आणि मनातली जळमटं अशी ऐकून घेतली असतील, कोण जाणे. त्यातलं एक अक्षर दुकानाबाहेर गेलं नाही. मी तिची सख्खी भाची, तिच्या मशीनखालच्या चिंध्या गोळा करत वाढले, पण तिने मलाही कधी काही सांगितलं नाही. याचा मला राग यायचा. खरं तर अजूनही येतो.

ती नवे कपडे फारसे शिवत नाही, आल्टर करते. सैल झालेलं घट्ट, घट्ट झालेलं सैल, मोठ्या बहिणीचं धाकटीच्या मापाचं. आणि तिची एक पद्धत आहे. दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याला पहिल्या मिनिटाला चिठ्ठी टाचली जाते. चिठ्ठीवर नाव, फोन नंबर, माप आणि काय करायचं ते, सगळं गोल टपोऱ्या अक्षरात. काम झालं तरी चिठ्ठी निघत नाही. कपडा मालकाच्या हातात पडला की मगच ती काढायची. चिठ्ठी नसलेला कपडा म्हणजे तिच्या लेखी बेवारस. या पद्धतीमुळे तीस वर्षांत एकाचा कपडा दुसऱ्याकडे गेला नाही, आणि या पद्धतीनेच पुढे घात केला.

तिचं दुकान आधी रस्त्यालगत होतं. मोठी काच, काचेमागे मशीन, येता-जाता हात हलवणारी माणसं. मग इमारतीच्या मालकाला गाड्या आत घ्यायला तीच जागा हवी झाली, आणि त्याने मावशीला मागच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर एक खोली दिली. खोली वाईट नव्हती. उजेड भरपूर, कापायचं मोठं टेबल नीट बसलं, कपडे टांगायची दांडी खिडकीशी. फक्त तिथे पोचायचं म्हणजे बाजूच्या बोळातून, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून, एक्केचाळीस पायऱ्या. आम्ही खाली बाण काढला. लोक बाणाखाली उभे राहून इकडेतिकडे पाहायचे आणि निघून जायचे. पहिल्या महिन्यात अकरा गिऱ्हाइकं आली. एकदा मी दुपारी चार वाजता गेले तर मशीनवर झाकण होतं. दिवसाउजेडी झाकलेलं ते मशीन मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

"असंच चाललं तर वर्षाअखेरीला मशीन विकते," मावशी म्हणाली. अगदी भाजी संपल्याचं सांगावं तशी म्हणाली.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. दिवसभर कॉम्प्युटर, हातात फोन, त्यामुळे या बाबतीत आपल्याला सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. मी म्हटलं, "सोशल मीडियावर दुकानाचं पेज काढू. लोक रस्त्यावर बघत नाहीत आता, फोनमध्ये बघतात." मावशी तेव्हा त्रेसष्ट वर्षांची. तिने मुकाट्याने एक शंभर पानी वही आणली आणि पेन्सिलीला टोक केलं.

माझी शिकवायची रीत अशी की मी तिच्या हातातून फोन घ्यायचे, सहा ठिकाणी बोट लावायचे आणि "झालं" म्हणायचे. तिचे प्रश्न काही संपायचे नाहीत. पोस्ट केलं म्हणजे नेमकं कुठे गेलं? स्टोरी चोवीस तासांनी आपोआप जाते, तर मग टाकतात कशाला? लाइक केलं म्हणजे त्यांना आवडलं, की नुसतं दिसलं? अनोळखी माणसाने फॉलो केलं तर त्याला आपलं काय काय दिसतं? मी म्हणायचे, "अगं, असतं ते तसं. तू नको डोकं लावू." ती डोकं लावायची, आणि समजेल ते आपल्या भाषेत वहीत उतरवायची. ती वही माझ्याजवळ आहे. पहिल्या पानावर लिहिलंय: "स्टोरी म्हणजे कच्चा टाका, उद्या उसवला जाणार. पोस्ट म्हणजे पक्की शिलाई." त्याखाली: "हॅशटॅग म्हणजे दोऱ्याच्या डब्यावरचं लेबल. निळा मागितला की सगळे निळे एकदम हाती लागतात." मी दहा वर्षं फोन वापरतेय, मला असं एक वाक्य सुचलं नसतं.

पेज तयार करताना फोनने विचारलं, हे कुणाला दिसावं? सगळ्यांना, ओळखीच्यांना की फक्त तुम्हाला? मावशी चष्मा सावरून ते वाचत होती, तोवर मी "सगळ्यांना" दाबूनही टाकलं.

"थांब की जरा," ती म्हणाली.

"दुकान आहे ना? मग सगळ्यांनीच बघायला हवं." मी भारी शहाणपणाने म्हटलं.

तीन आठवड्यांत ती तयार झाली. आखूड केलेल्या बाहीचे फोटो, उसवलेल्या खिशाचे आधीचे आणि नंतरचे फोटो. दोन जुनी गिऱ्हाइकं पेज पाहून जिना शोधत वर आली, तेव्हा तिने मला दवाखान्यात फोन करून सांगितलं. मग एका मंगळवारी सकाळी तिला वाटलं, तयार कपडे किती दिवस टांगून ठेवायचे? लोकांना कळवू या. तिने दांडीवरच्या एकोणीस कपड्यांचे एकोणीस फोटो काढले आणि एकाच पोस्टमध्ये टाकले. वर लिहिलं, "तयार आहेत. घेऊन जा. दुसरा मजला, मागचा जिना."

एकोणीसच्या एकोणीस कपड्यांवर चिठ्ठ्या होत्या. आता चिठ्ठीशिवाय कुणाचं काय ते कळणार कसं?

पहिला फोन बेकरीवालीचा आला. "मावशी, माझी कंबर किती ते अख्ख्या गावाला सांगायची काय गरज होती?" ती हसत होती, पण चिडलीही होती. त्यानंतर निवृत्त ड्रायव्हरकाका. त्यांच्या पँटच्या चिठ्ठीवर "पोटाकडे अजून दोन इंच सोडणे, तिसरी वेळ" असं होतं, आणि डेपोतल्या जुन्या दोस्तांनी तो फोटो शेअर करून खाली अभिनंदनाच्या कमेंटींचा पाऊस पाडला होता. मला हे दवाखान्यात कळलं आणि मी खिडकीवर एवढी हसले की समोरचे आजोबा डोळ्यांत औषध घातलेल्या अवस्थेत विचारायला लागले, काय झालं म्हणून.

काम संपवून मी दोन वाजता मावशीकडे पोचले. पोस्ट काढून कशी टाकायची ते दाखवलं, तिने ती स्वतः काढली. मी म्हटलं, "झालं. चार दिवस चेष्टा होईल, मग विसरतील."

मावशीने दांडीवरून एक राखाडी कोट काढला आणि चिठ्ठी माझ्यासमोर धरली. चिठ्ठीवर मोठ्या बाईंचं पूर्ण नाव होतं, आणि खाली: "अस्तर बदलणे. डाव्या छातीचं पॅड नवं, उजव्या बाजूसारखं दिसेल असं."

मोठ्या बाई म्हणजे रस्त्याच्या टोकाला असलेल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मी त्याच शाळेत शिकले. त्यांची पाठ फळ्याइतकी सरळ, आणि त्या व्हरांड्यात आल्या की आमची पाचावर धारण बसायची. आठ वर्षांपूर्वी त्या तीन महिने बहिणीकडे म्हणून गेल्या होत्या. चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचली तेव्हा मला कळलं की त्या बहिणीकडे गेल्याच नव्हत्या. त्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि डावा स्तन काढावा लागला होता. कुणालाच माहीत नव्हतं. शाळेला नाही, शेजाऱ्यांना नाही. आठ वर्षं त्यांचे सगळे कोट मावशीने असे शिवले होते की कुणाला संशयही येऊ नये, आणि ती माझ्याकडेही चकार शब्द बोलली नव्हती.

तरी मी म्हटलं, "अगं, चार तासच होता फोटो. एवढं बारीक कोण वाचतंय? आणि बाईंकडे अजून बटणांचा फोन आहे. त्यांना कधी कळणारसुद्धा नाही. तू मूग गिळून बस."

"काढून टाकलं म्हणजे नक्की गेलं?"

आता खोटं बोलणं शक्य नव्हतं. "आपल्याकडून गेलं. कुणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर त्याच्याकडे राहतं."

"म्हणजे आपला नमुना कुणी आधीच कापून नेला असेल तर."

"हो."

"किती जणांनी पाहिलं?"

तो आकडा पोस्ट काढण्याआधी आम्ही दोघींनी पाहिला होता, पण तिला माझ्या तोंडून ऐकायचा होता. "दोनशे बारा," मी म्हटलं.

तिने टेबलावरच्या टाचण्या एकेक करून त्यांच्या छोट्या उशीत खोचल्या आणि कोट हातावर घेतला. "चल."

"कुठे?"

"बाईंकडे."

"त्यांना माहीत नाही, मावशी! सांगून काय मिळणार आहे?"

"त्यांना माहीत नाही म्हणूनच. दोनशे बारा जणांसमोर गेलं, आणि जिचं आहे तिलाच पत्ता नाही? असं कसं चालेल?"

शाळा नुकतीच सुटली होती. मोठ्या बाई कचेरीत एकट्याच पेपर तपासत होत्या. मावशी बसली नाही. उभ्या उभ्या चार वाक्यांत तिने सगळं सांगितलं. काय झालं, कुणामुळे झालं, कधी काढलं आणि आता पूर्ण परत घेता येणार नाही. सबब एकही सांगितली नाही. "सगळ्यांना" हे बटण मी दाबलं होतं, ते सांगायला मी तोंड उघडलं तर तिने माझ्या पावलावर पाय ठेवला.

"किती वेळ होतं?" बाईंनी विचारलं.

"चार तास."

"किती जण?"

"दोनशे बारा."

बाईंनी कोट घेतला, चिठ्ठी काढली आणि खणात ठेवली. मग चुकलेल्या मुलींना म्हणायच्या त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्ही जाऊ शकता."

परत येताना मावशी आमच्या जिन्यात मध्येच बसली. "तीस वर्षं तोंड सांभाळलं," ती म्हणाली, "आणि बोटाने घालवलं." ती रडली. मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला माझी एवढी लाज वाटली की मी तिच्या शेजारी बसूही शकले नाही, दोन पायऱ्या खाली उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी तिने उरलेल्या अठराही जणांना स्वतः फोन केले. मला वाटलं, आता हिने कानाला खडा लावला, पेज बंद होणार. मी तसं सुचवलंही. तर तिने डावा अंगठा पुढे केला. नखाजवळ जुना पांढरा व्रण आहे. "पहिल्या वर्षी मशीनची सुई इथून आरपार गेली होती. मशीन फेकलं का मी? बोट कुठे ठेवायचं ते शिकले."

पुढचे चार दिवस ती वही आणि फोन घेऊन बसली. सेटिंगमधलं एकेक पान उघडून वाचलं. कोण आपल्याला मेसेज करू शकतं, कोण टॅग करू शकतं, नको त्या माणसाला ब्लॉक कसं करायचं, पासवर्ड कसा बदलायचा, फोटोबरोबर आपलं ठिकाण जातं का. अडलं की मला विचारायची, आणि निम्म्या वेळा मलाही माहीत नसायचं. दहा वर्षांत मी यातलं एकही पान उघडलं नव्हतं. त्या आठवड्यात मी गुपचूप माझं स्वतःचं खातं तपासलं, आणि माझा घरचा पत्ता कुणालाही वाचता येत होता.

मग बेकरीवाली आपली पँट न्यायला आली. राग गेला होता. ती म्हणाली, "मावशी, मलाही शिकवा ना. मुलगी परगावी आहे, काय काय टाकत असते, मला उघडतच नाही." मावशीने तिला गुरुवारी तीन वाजता बोलावलं. त्या गुरुवारी दोघी होत्या, पुढच्या गुरुवारी ड्रायव्हरकाकांसकट पाच जण. कापायच्या टेबलाभोवती स्टुलं मांडलेली, मधे कात्री, टेप आणि पाच फोन.

तिचा पहिला नियम एकच होता: फोटो टाकायच्या आधी चिठ्ठी काढा. ती प्रत्येकाला स्वतःचाच एखादा फोटो उघडायला लावायची आणि विचारायची, "यात चिठ्ठी कुठे आहे, शोधा." ड्रायव्हरकाका नव्या स्कूटरजवळ उभे होते, मागे घराचा नंबर आणि खिळ्यावर टांगलेली किल्ली. बेकरीवालीची नात हसत होती, अंगात शाळेचा गणवेश, त्यावर शाळेचं नाव. कुणाच्या टेबलावर औषधांची पाकिटं. लोकांना त्याचा नादच लागला. एकमेकांच्या चिठ्ठ्या शोधून काढताना त्यांना लहान मुलांसारखा आनंद व्हायचा. टॅगबद्दल तिने एवढंच सांगितलं की दुसऱ्याच्या कपड्याला आपली चिठ्ठी त्याला विचारल्याशिवाय लावायची नाही. सर्वांत जास्त वेळ गेला तो कमेंट आणि मेसेज यांतला फरक समजवण्यात, कारण ड्रायव्हरकाकांनी साडूच्या वाढदिवसाच्या फोटोखाली, सर्वांना दिसेल असं, बायकोला विचारलं होतं, "पोट साफ झालं का?" मावशी हसली नाही. टाचण्या तोंडात असल्याचा असाही उपयोग असतो.

मी मात्र मागे बसून तिच्याकडे बघत राहायचे. मी सहा ठिकाणी बोट लावून "झालं" म्हणायचे, आणि ही बाई कुणाच्याही फोनला हात लावत नव्हती. "बोट तुमचं," म्हणायची आणि वाट बघायची. एकेकाला दहा-दहा मिनिटं लागायची. ती वाट बघायची.

शिकायला येणारे येताना कपडे घेऊन येऊ लागले. जिना लोकांच्या पायाखालचा झाला, मशीनवरचं झाकण पुन्हा दिवसा दिसलं नाही. पण राखाडी कोट आला नाही. दांडीवर बाईंचा नेहमीचा एक हँगर असायचा, तो मावशी दुसऱ्या कुणाला देत नव्हती. मी एकदा त्यावर शर्ट लावला तर तिने मुकाट्याने काढून दुसरीकडे टांगला.

नवव्या गुरुवारी जिन्यावर पावलं वाजली आणि दारात मोठ्या बाई उभ्या. हातात नव्या फोनचा खोका. सगळे उभे राहिले, ड्रायव्हरकाकासुद्धा, आणि ते तर मुलींच्या शाळेत शिकलेले नव्हते. बाई शेवटच्या स्टुलावर बसल्या, वही उघडली आणि तारीख घातली. मावशीने ओठांतल्या टाचण्या काढल्या, परत घातल्या, पुन्हा काढून उशीत खोचल्या आणि शिकवायला सुरुवात केली.

तीन गुरुवार बाई वहीत टिपून घेत शिकल्या. चौथ्या गुरुवारी सगळे गेले तरी त्या बसून राहिल्या. मी चिंध्या झाडत होते. त्यांनी अंगातला राखाडी कोट काढला आणि टेबलावर उलटा पसरला, अस्तर वर.

"टेलरबाई, याचा फोटो टाकायचाय."

मावशीने कोटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. बाईंनी पर्समधून ती जुनी चिठ्ठी काढली, उशीतली एक टाचणी घेतली आणि चिठ्ठी पॅडवर टाचली.

"चिठ्ठीसकट," त्या म्हणाल्या.

"बाई..."

"तुम्ही सांगून गेलात, त्या दिवसापासून मी वाट बघत होते की कुणीतरी काहीतरी बोलेल. कुणीच बोललं नाही. मग लक्षात आलं की अशी वाट मी आठ वर्षं बघतेय. दमले मी." त्यांनी टाचलेली चिठ्ठी बोटाने सारखी केली. "आणि आमच्या शाळेत एक जण आहे. तीन महिने बहिणीकडे जाते म्हणते. तिला बहीण नाही."

मावशीने बाईंचा नवा फोन त्यांच्या पुढ्यात ठेवला. "कुणाला दिसायला हवं?"

"सगळ्यांना."

"एकदा गेलं की पूर्ण परत येत नाही."

"तुम्हीच शिकवलंत."

"पुन्हा विचारते. कुणाला?"

"सगळ्यांना, टेलरबाई."

"बोट तुमचं," मावशी म्हणाली.

बाईंनी एका बोटाने हळूहळू लिहिलं. लिहायला पाव तास लागला. नंतर मी ते वाचलं: "हा माझा कोट. आतलं पॅड आमच्या टेलरबाईंनी आठ वर्षं शिवलं आणि आठ वर्षं कुणाला सांगितलं नाही. त्यांच्याकडून चार तासांची चूक झाली, तीही त्यांनी स्वतः येऊन सांगितली. तुम्हाला असं काही शिवून हवं असेल तर संकोच करू नका. दुसरा मजला, मागचा जिना."

त्या आठवड्यात वेगवेगळ्या वेळी तिघी जणी जिना चढून आल्या. मी कुणालाच पाहिलं नाही, मी दवाखान्यात होते. गुरुवारी गेले तर दांडीवर बाईंच्या हँगरच्या शेजारी तीन नवे कपडे टांगलेले होते. एकावरही चिठ्ठी नव्हती. तीस वर्षांत पहिल्यांदा तिने मापं, नावं, सगळं तोंडपाठ केलं होतं.

"हे कुणाचे गं?" मी विचारलं.

मावशीने टेबलावरून तीन टाचण्या उचलल्या, ओठांत धरल्या आणि मान हलवली.

"उंहूं."